डब्ल्यूडीजी-4: घोड्यांचं सोडा, पकडीचं बोला

मालगाडीच्या इंजिनाची चौकशी करणारा माणूस पहिल्या झटक्यात हॉर्सपॉवर विचारतो. किती घोड्यांचं आहे? चार हजार? वा! एक्स्प्रेसच्या इंजिनाला हा प्रश्न शोभतो. मालगाडीच्या इंजिनाला विचारायचा प्रश्न निराळा आहे. पाऊस पडतोय, रूळ ओले आहेत, मागे भरलेला रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी रांग आहे, आणि सिग्नल लाल मिळाल्यामुळे गाडी ऐन चढावर उभी राहिली आहे. आता सिग्नल उतरला. इंजिन गाडी उचलतं की नाही? उचललं तर ते चांगलं इंजिन. बाकीचं सगळं माहितीपत्रकात छापायला.

माझी नोकरी लोंडा, तिनईघाट, कॅसलरॉक या पट्ट्यात गेली. आधी असिस्टंट, मग मालगाडीचा लोको पायलट. सुरुवात अल्को या जुन्या डिझेल इंजिनावर झाली आणि शेवट डब्ल्यूडीजी-4 या मालगाडीच्या डिझेल इंजिनावर. कॅसलरॉकपासून खाली कुळ्यापर्यंतचा ब्रागांझा घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना चढ म्हणजे काय ते सांगायला नको. 37 ला 1. म्हणजे 37 मीटर पुढे गेलात की 1 मीटर वर. पर्यटक तिथे दूधसागरचा धबधबा बघायला येतात, आम्ही मात्र पावसाळ्यात रुळांकडे बघत असायचो. त्यामुळे हा अभिप्राय घाटातल्या माणसाचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. सपाटीवर, काळ्या मातीच्या मुलखात गाडी चालवणारा माणूस कदाचित वेगळं लिहील.

आधी अल्कोबद्दल दोन शब्द, कारण त्याच्याशिवाय तुलना कळायची नाही. डब्ल्यूडीएम-2 हे इंजिन मूळचं अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचं, म्हणून अल्को. वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून, म्हणजे आपल्या डीएलडब्ल्यूमधून, 1964 पासून ते बाहेर पडायला लागलं. सोळा सिलिंडर, फोर-स्ट्रोक, 2600 हॉर्सपॉवर, वजन साधारण 113 टन. मेल असो, पॅसेंजर असो, मालगाडी असो, सगळ्यांना तेच. पुढे खास मालगाडीसाठी 3100 हॉर्सपॉवरचं डब्ल्यूडीजी-3ए आलं, वजन 123 टन. ही इंजिनं मी कधी वाईट म्हणणार नाही. कुठल्याही शेडमधला जुना फिटर अल्कोचा आवाज ऐकून आजार सांगायचा. पण त्यांची एक मर्यादा इंजिनात नव्हतीच, ती खाली चाकापाशी होती.

अल्कोच्या प्रत्येक धुरीवर, म्हणजे चाकांच्या जोडीच्या आसावर, डीसी सिरीज मोटर. मोटरला करंट जास्त दिला की ओढ जास्त, हे खरं. पण तो करंट मोटरमध्ये एकमेकांवर घासणाऱ्या कॉम्युटेटर आणि कार्बन ब्रशमधून जातो, आणि हळू वेगात जास्त करंट म्हणजे उष्णता. म्हणून अ‍ॅमीटरवर लाल पट्टा. त्या पट्ट्यात काटा गेला की किती मिनिटं गाडी ओढता येईल हे ठरलेलं. त्यापुढे मोटर जळण्याचा धोका. चढावर गाडी हळू होत चालली आहे, काटा लाल पट्ट्यात सरकतोय आणि पुढचं स्टेशन अजून लांब आहे, ही अवस्था ज्याने अनुभवली नाही त्याला मालगाडी चालवणं सोपं वाटतं. दुसरी गोष्ट, डीसी सिरीज मोटरचं चाक एकदा घसरायला लागलं की ते थांबायचं नाव घेत नाही. भार सुटला म्हणून मोटर आणखी पळते. मग नॉच, म्हणजे हँडलचा टप्पा, कमी करा, रुळावर वाळू सोडा, पुन्हा हळूहळू चढवा. तेवढ्यात गाडी उभी राहिलेली असते.

डब्ल्यूडीजी-4 ने नेमकी हीच जागा पकडली.

1995 मध्ये भारतीय रेल्वेने जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रोमोटिव्ह विभागाशी करार केला. त्यांच्या कारखान्यात या इंजिनाचं नाव जीटी46मॅक. 1999 मध्ये पहिला छोटा जथा बाहेरून आला, त्यातली काही इंजिनं पूर्ण जोडलेली आणि काही सुट्या भागांत. 2002 पासून वाराणसीत उत्पादन सुरू झालं. पहिलं घर मिळालं हुबळीच्या शेडमध्ये, म्हणजे आमच्याच अंगणात. नावाचा उलगडा साधा आहे: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, जी म्हणजे गुड्स आणि 4 म्हणजे चार हजार घोडे.

याचं मूळ अमेरिकेतल्या एसडी70मॅक या इंजिनात. 1993 मध्ये बर्लिंग्टन नॉर्दर्न रेल्वेने त्याची मोठी ऑर्डर दिली होती. वायोमिंगमधल्या पावडर रिव्हर भागातला कोळसा ओढायला आधी पाच जुनी इंजिनं लागत, तिथे या नव्यांपैकी तीन पुरायला लागली. तिथल्या रेल्वेने हे इंजिन घोड्यांसाठी नाही घेतलं, पाचाची तीन होतात म्हणून घेतलं. तोच हिशेब आपल्याकडे लागू पडला, पण एक मोठी अडचण होती. अमेरिकन इंजिन 188 टनांच्या आसपास. एवढं वजन आपल्या रुळांना परवडत नाही. आपल्याकडे 126 टनांवर भागवायचं होतं, सहा धुऱ्यांवर प्रत्येकी 21 टन. वजन कमी म्हणजे चाक रुळावर दाबणारी ताकद कमी, म्हणजे पकड कमी. हलक्या इंजिनातून जास्त ओढ काढायची, हे खरं काम होतं.

आता आकडे बघा. सुरुवातीची ओढ, म्हणजे उभ्या गाडीला हलवताना लावता येणारा जोर: डब्ल्यूडीएम-2 साधारण 30 टन, डब्ल्यूडीजी-3ए साधारण 38 टन, डब्ल्यूडीजी-4 चे 540 किलोन्यूटन, म्हणजे 55 टन. हे आकडे इंजिनाच्या स्वतःच्या वजनाशी ताडून पाहा. डब्ल्यूडीएम-2 आपल्या वजनाच्या 27 टक्के ओढ लावतं, डब्ल्यूडीजी-3ए 31 टक्के, आणि डब्ल्यूडीजी-4 जवळजवळ 44 टक्के. डब्ल्यूडीएम-2 वरून डब्ल्यूडीजी-4 वर येताना घोडे दीडपट झाले, वजन जेमतेम 12 टक्क्यांनी वाढलं, पण ओढ पावणेदोनपटीच्या वर गेली. माझ्या मते या इंजिनाची सगळी कथा या एका ओळीत आहे. चार हजारांचा आकडा त्यानंतर.

आणि चार हजार घोडे नक्की कधी कामाला येतात, तोही हिशेब करून बघण्यासारखा आहे. पंखे, कॉम्प्रेसर, अल्टरनेटर यांचा वाटा गेल्यावर चाकापर्यंत समजा अडीच हजार किलोवॉट पोचले. 540 किलोन्यूटन जोर लावत असताना एवढी ताकद पूर्ण खर्च होते ताशी सोळा-सतरा किलोमीटरला. म्हणजे त्या वेगाच्या खाली तुमच्याकडे चार हजार घोडे असोत की सहा हजार, गाडी उचलायला फरक शून्य. तिथे फक्त पकड. चढावर थांबलेली मालगाडी या सोळा-सतराच्या खालीच झुंजत असते.

बॉक्सएन म्हणजे उघड्या वाघिणींचा भरलेला रेक धरा, 4700 टन. सपाटीवर त्याला चालतं ठेवायला सातेक टन जोर पुरतो, लोकांना हे खरं वाटत नाही. 100 ला 1 चढ लागला की त्यात 47 टन वाढले. झाले 54. डब्ल्यूडीजी-4 चे सगळे 55 तिथेच संपले, आणि गाडी थांबलेली असेल तर पहिला हिसका त्याहून जास्त मागतो. म्हणून दुसरं इंजिन लागतं. आमच्या 37 ला 1 वर तोच रेक फक्त चढापोटी 127 टन मागतो. इंजिनाची सलग लावता येणारी ओढ 400 किलोन्यूटन, म्हणजे 41 टनांच्या आसपास. इंजिनांना स्वतःलाही वर चढायचं असतं. हिशेबाने चार तरी हवीत, आणि हा हिशेब कोरड्या रुळाचा आहे. तीही सगळी पुढे लावून चालत नाहीत, कपलर तुटेल. काही मागून ढकलायला लागतात, त्यांना बँकर म्हणतात. बँकरचं काम ज्याने केलंय त्याला विचारा: पुढचा दिसत नाही, वळणावर वळण, आणि तरीही जोर जुळवायचा.

ही ओढ आली कुठून, तर एसी मोटरमधून. डिझेल इंजिन अल्टरनेटर फिरवतं, त्यातली वीज आधी डीसी करतात आणि मग इन्व्हर्टर तिची पुन्हा तीन-फेज एसी बनवतो, पाहिजे त्या फ्रिक्वेन्सीची. इन्व्हर्टर आणि मोटर सीमेन्सच्या तंत्राचे. सुरुवातीला इन्व्हर्टरमध्ये जीटीओ थायरिस्टर नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच होते, पुढच्या इंजिनांत आयजीबीटी नावाचे नवे स्विच आले. मोटरमध्ये ब्रश नाही, कॉम्युटेटर नाही. लाल पट्ट्याची ती भीती गेली. सर्वात मोठी गोष्ट म्हणजे इंडक्शन मोटर ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या पुढे पळू बघते तेव्हा तिची ओढ आपोआप पडते. चाक घसरलं तरी उधळत नाही. चिखलात पाय रुतलेला बैल जसा जोर न सोडता खूर जागेवर आणतो, तसं ते चाक पुन्हा रूळ धरतं.

वर कंप्युटर. पुस्तकात असं लिहिलेलं असतं की चाक न घसरता फिरलं पाहिजे. खरं तर सगळ्यात जास्त पकड तेव्हा मिळते जेव्हा चाक किंचित घसरत असतं, गाडीच्या वेगापेक्षा काही टक्के जास्त वेगाने फिरत असतं. पण ते किंचित म्हणजे किती, हे कळायला गाडीचा खरा वेग माहीत हवा, आणि सहाही धुऱ्या थोड्याथोड्या घसरत असताना चाकावरून खरा वेग कळणार कसा? म्हणून इंजिनाच्या पोटाखाली जमिनीकडे रोखलेलं एक छोटं रडार. ते जमिनीवरून वेग वाचतं, कंप्युटर प्रत्येक क्षणी चाकाशी ताडून पाहतो आणि घसरण हवी तेवढीच ठेवतो.

केबिनमध्ये हे कसं जाणवतं ते सांगतो. भुरभुर पाऊस, कातळातून झिरपणारं पाणी रुळावर, पाचोळा कुजून झालेला चिकटा. हँडल आठव्या नॉचवर. स्पीडोमीटर बारा-तेरावर चिकटून बसलाय. पायाखालून एक जाड, खरखरीत घोगरा आवाज येत असतो, मधूनच तो वर चढतो आणि रूळ गायला लागतो, मग पुन्हा खाली. पडद्यावर ओढीचा आकडा खालीवर नाचतो. वाळू आपोआप पडत असते. सीट कंबरेपासून थरथरते. अल्कोवर हा आवाज आला की हात आपोआप नॉच कमी करायचा. इथे हात मागे घ्यायचा नाही. अल्कोवर पंधरा-वीस वर्षं काढलेल्या माणसाला ट्रेनिंगमध्ये हेच शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो: आवाज करू दे, ते त्याचं काम करतंय, तू हँडलला हात लावू नकोस. मला वाटतं या इंजिनाने ड्रायव्हरच्या हातातलं एक कसब काढून घेतलं. वाईट वाटतं का? थोडं. पण ते कसब चढावर उभं राहिल्याच्या शिव्या खाऊन आलेलं होतं, त्यामुळे फार नाही.

इंजिनाकडे येऊ. 16-710 नावाचं व्ही आकाराचं, सोळा सिलिंडरचं टू-स्ट्रोक. 710 हा एका सिलिंडरचा घनइंचातला आकार, म्हणजे 11.6 लिटर, सोळा मिळून 186 लिटर. टू-स्ट्रोक म्हटलं की लोकांना जुनी स्कूटर आठवते. हे तसलं नव्हे. हवा लायनरच्या खालच्या खिडक्यांतून आत शिरते, जळलेला वायू डोक्यावरच्या चार व्हॉल्व्हमधून बाहेर जातो. प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडर काम करतो. त्यामुळे पूर्ण नॉचलाही फेरे मिनिटाला फक्त 904, तर साध्या आयडलला 269, आणि लो आयडलला 200. लो आयडलवर हे इंजिन शेजारी उभं असेल तर डोळे मिटून त्याची धडधड ओळखता येते, अल्कोची घाईची टकटक त्यात नाही.

टर्बोची, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा कोंबणाऱ्या यंत्राची, खुबी मला विशेष आवडते. कमी नॉचला धुराड्यातला वायू टर्बो फिरवायला अपुरा असतो, म्हणून तेव्हा टर्बोला इंजिनच गिअरमधून फिरवतं. नॉच वाढले, वायूचा जोर आला की क्लच सुटतो आणि टर्बो आपल्या बळावर फिरतो. अल्कोवर नॉच उघडला की टर्बो जागा होईपर्यंत काळाकुट्ट लोट निघायचा. फोटो काढणाऱ्या पोरांना तो लोट फार प्रिय, पण तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, ते त्यांना कोण सांगणार. डब्ल्यूडीजी-4 वर तो तमाशा बराच कमी. पुढे याच इंजिनातून फेरे वाढवून 4500 घोडे काढले.

उतरणीचं काम लोक विसरतात. घाटात वर चढण्यापेक्षा खाली उतरणं जास्त जिवावरचं. डायनॅमिक ब्रेकमध्ये मोटर उलट जनरेटर होतात, वीज छतावरच्या ग्रिडमध्ये उष्णता होऊन उडून जाते आणि गाडी आवरली जाते. डीसी इंजिनावर वेग उतरला की हा ब्रेक विरघळत जायचा, नेमका जेव्हा हवा तेव्हाच. एसी इंजिनावर तो माणसाच्या चालीइतक्या वेगापर्यंत साथ देतो. वॅगनच्या ब्रेकची हवा त्यामुळे राखून ठेवता येते, चाकं आणि ब्रेक ब्लॉक कमी तापतात. ओढ आणि डायनॅमिक ब्रेक एकाच हँडलवर, मधे आयडल. हे ज्याने आखलं त्याने कधीतरी घाट पाहिला असावा.

आता खोट. मोठी खोट एकच, आणि ती डोळ्यांसमोर होती.

केबिन एकाच टोकाला. केबिनपुढचं आखूड नाक, म्हणजे शॉर्ट हूड, पुढे असेल तर काही तक्रार नाही. पण इंजिन उलट लागलं, इंजिन झाकणारं लाँग हूड पुढे आलं, की तुमच्यासमोर लांबलचक लोखंडी कपाट. अल्कोचंही हूड लांब होतंच, पण या इंजिनाचं अंग रुंद आणि उंच, त्यामुळे डाव्या वळणावर उजवीकडच्या माणसाला काही दिसत नाही आणि उजव्या वळणावर डावीकडच्याला. दोघांनी एकमेकांना सिग्नल ओरडून सांगत जायचं. अशा वेळी असिस्टंट झोपाळू निघाला तर देवच राखणारा. अमेरिकेत इंजिन फिरवायला किंवा दोन इंजिनं पाठीला पाठ लावायला जागा आणि इंजिनं मुबलक असतात. आपल्याकडे एकच इंजिन सुटलं, दुसऱ्या टोकाला लागलं, चला. तिकडचा आराखडा इकडे आणताना हा विचार पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता. दोन टोकांना दोन केबिन असलेलं डब्ल्यूडीजी-4डी यायला 2010 नंतरचा काळ उजाडला. ते आलं आणि हा वाद मिटला. केबिनचं गुणपत्रक करायचं झालं तर पहिल्याला नापास, 4डीला पहिला वर्ग.

दुसरी खोट लहान, पण तांत्रिक माणसाला सलणारी. यात एका बोगीला, म्हणजे तीन धुऱ्या धरणाऱ्या सांगाड्याला, एक इन्व्हर्टर. तीन मोटर एकाच इन्व्हर्टरवर. एक इन्व्हर्टर बसला तर तीन मोटर गेल्या, म्हणजे अर्धं इंजिन गेलं. घाटात अर्धं इंजिन म्हणजे नसल्यात जमा. शिवाय तिन्ही मोटरना एकच फ्रिक्वेन्सी मिळत असल्यामुळे एका बोगीतल्या चाकांचे व्यास अगदी जुळलेले लागतात, नाहीतर एक चाक जास्त ओझं ओढतं आणि दुसरं आळशीपणा करतं. शेडच्या लोकांना चाकं तासताना हे सांभाळावं लागतं.

एका गोष्टीला मात्र मनापासून दाद. उभ्या इंजिनाचं तेल. मालगाडी लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, तासन्‌तास पडून असते, आणि मोठं इंजिन बंद केलं तर बॅटरी आणि ब्रेकची हवा यांची काळजी, म्हणून ते नुसतं धडधडत ठेवायचं. ताशी पंचवीसेक लिटर डिझेल नुसतं उभं राहण्यात जातं. त्यावर उपाय म्हणून एपीयू नावाचं छोटं इंजिन बसवायला सुरुवात झाली. थोडा वेळ हालचाल झाली नाही की मोठं इंजिन बंद आणि छोटं चालू. ते बॅटरी भरतं, हवा राखतं आणि ताशी तीनेक लिटरवर भागवतं. रात्री लूपमध्ये पडलेल्या माणसाच्या कानांनाही आराम.

मधल्या काळात 2012 मध्ये डब्ल्यूडीजी-5 आलं, नाव भीम. त्याच कुळातलं वीस सिलिंडरचं इंजिन, 5500 घोडे. नाव मोठं, संख्या हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. वर केलेला हिशेब आठवा: चढावर अडलेल्या गाडीला वाढीव घोड्यांचा उपयोग नाही, तिला पकड हवी, आणि पकड वजन आणि चाकांवर अवलंबून. सहा धुऱ्या तेवढ्याच. घोडे वाढले तर फायदा वेग घेतल्यावर. आणि आपल्या मालगाडीला वेग घ्यायला रिकामी लाईन मिळते कधी?

यानंतरची पिढी जनरल इलेक्ट्रिकची. नोव्हेंबर 2015 मध्ये करार झाला: अकरा वर्षांत एक हजार इंजिनं, त्यातली 700 साडेचार हजार घोड्यांची आणि 300 सहा हजारांची. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात मढौऱ्याला कारखाना उभा राहिला, त्यात रेल्वेचाही हिस्सा. देखभालीला उत्तर प्रदेशात रोझा आणि गुजरातमध्ये गांधीधाम. 2019 मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा हा सगळा व्यवसाय वॅबटेकमध्ये विलीन झाला. साडेचार हजारांचं ते डब्ल्यूडीजी-4जी, सहा हजारांचं डब्ल्यूडीजी-6जी.

4जी मी चालवलेलं नाही. कागदावरून आणि त्यावर ड्यूटी करणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांच्या बोलण्यावरून लिहितो. इंजिन बारा सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक, एकेक सिलिंडर 250 मिलिमीटर व्यासाचा आणि 320 मिलिमीटर स्ट्रोकचा. गुणाकार केला तर सिलिंडरमागे 15.7 लिटर, बारा मिळून 188. गंमत बघा, सोळा सिलिंडरच्या टू-स्ट्रोकचे 186 आणि बारा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकचे 188. दोन कंपन्या, दोन वेगळ्या वाटा, पण पोटाचं माप जवळजवळ एकच. हे इंजिन जनरल इलेक्ट्रिकने अमेरिकेत 2005 पासून विकायला आणलं, तिथल्या धुराच्या नव्या नियमांसाठी. आधी जे काम सोळा सिलिंडर करत होते ते बारांवर आणलं. सिलिंडर कमी म्हणजे शेडमध्ये उघडायच्या वस्तू कमी.

पण मला त्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट इंजिन नव्हे. प्रत्येक धुरीला स्वतःचा इन्व्हर्टर. एक बसला तर एक मोटर जाते, पाच काम करत राहतात. चाकांचे व्यास थोडे कमीजास्त असले तरी चालतं. एक चाक तेलकट जागेवर गेलं तर तेवढ्याचीच ओढ कमी होते, शेजाऱ्याची नाही. घाटात काम केलेल्या माणसाला ही एक सोय हजार घोड्यांपेक्षा जास्त वाटते. ते साडेचार हजारांचं इंजिन आणि आपलं 4500 वाल्या 710 चं डब्ल्यूडीजी-4डी समोरासमोर ठेवून निवड करायला सांगितली, तर चढावर मी पहिलं घेईन. आवाजासाठी मात्र दुसरं. टू-स्ट्रोकची ती घरघर त्यात नाही.

वेळ मात्र चुकली. ही नवी इंजिनं रुळावर येत होती त्याच वर्षांत देशभर तारा ओढण्याचं काम धडाक्यात सुरू होतं, आणि आज ब्रॉडगेजवर जवळजवळ सगळीकडे वीज आली आहे. वाराणसीचा कारखाना विजेच्या इंजिनांकडे वळला, 2020 मध्ये त्याच्या नावातलं डिझेलही गेलं आणि तो बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाला. 2018 मध्ये तर तिथे जुन्या डब्ल्यूडीजी-3ए ची जोडी सोलून विजेवर चालणारं दहा हजार घोड्यांचं जोडइंजिन बनवलं. प्रयोग म्हणून छान, पण पुढे गेलेलं दिसत नाही. विजेचं इंजिन मालगाडीला बरं आहे याबद्दल मला वाद घालायचा नाही. तीच एसी मोटर, तोच इन्व्हर्टर, फक्त डिझेलची टाकी सोबत वाहावी लागत नाही.

मढौऱ्याने मात्र गिऱ्हाईक शोधलं. जून 2025 मध्ये तिथून पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशासाठी पहिलं इंजिन निघालं, तिथल्या सिमांदू खाणीचं लोहखनिज ओढायला. केबिनला एसी, फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि बिनपाण्याचा संडास. वाचून आमच्या बॅचमधला एकजण म्हणाला, आता तिकडेच अर्ज करतो. आमच्या वेळी लूपमध्ये गाडी उभी राहिली की झुडूप शोधायचं, हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच हा विनोद कळेल. बायका लोको पायलट झाल्या आहेत, त्यांच्यासाठी तर हा विनोदच नाही.

कुणी खाणीसाठी, बंदरासाठी, सिमेंटच्या कारखान्यासाठी असं इंजिन घ्यायला निघालं असेल, तर सांगतो. दोन केबिन असल्याशिवाय घेऊ नका. धुरीमागे एक इन्व्हर्टर आहे का ते विचारा. एपीयू हवाच. हॉर्सपॉवर शेवटी विचारा. आणि विकणारा चाचणी दाखवायला बोलावेल तेव्हा सपाटीवरची चाचणी बघून सही करू नका. तुमच्याकडचा सगळ्यात वाईट चढ निवडा, भरलेला रेक मधोमध उभा करा, रुळावर पाणी मारा आणि मग म्हणा, आता उचला.